जसिंता आणि इंग्लंडची बंद नाटकगृहं

निम्मी कोळंबी सोलून झाली होती. निम्मी अजून पाटीत तशीच होती, आणि मांजर उंबऱ्यावर बसून माझ्या हातांकडे टक लावून बघत होतं. तेवढ्यात जसिंता मागच्या दाराने आत आली. होडीतून उतरून थेट इकडेच आली असणार, कारण पाय घोट्यापर्यंत ओले होते. हातात वर्तमानपत्राचं एक पान, घड्या घालून घालून चुरगळलेलं.

"चेची, हात धू आधी."

"का गं? कोण गेलं?"

"गेलं नाही कुणी. आलंय. हे वाच."

"तूच वाच. माझ्या हातांना वास आहे."

तिने उभ्या उभ्या वाचलं. जुन्या अभ्यासक्रमाच्या ज्या विद्यार्थ्यांचे विषय राहिलेत त्यांच्यासाठी मार्चमध्ये शेवटची परीक्षा, मग तो अभ्यासक्रम कायमचा बंद. विद्यापीठाने त्याला नाव दिलंय मर्सी चान्स. दया मागायची ती देवाच्या आईकडे, एवढंच मला ठाऊक. विद्यापीठही दया करतं हे त्या दिवशी कळलं.

जसिंता आमच्या शेजारची. मध्ये फक्त एक कालवा आणि दोन माड. वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, म्हणून मला चेची, म्हणजे ताई म्हणते; आता चाळिशीला टेकलेली. बी.ए. इंग्रजीचे बाकी सगळे विषय तिने लग्नाआधीच सोडवले होते. राहिला होता एकच, इंग्रजी साहित्याचा इतिहास. तीनदा बसली, तीनदा आपटली. मग सेबास्टीशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, कोळंबीच्या शेतात भरतीचं पाणी घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं यात वर्षं निघून गेली. पण संध्याकाळी बेटावरची पोरं तिच्याच ओसरीवर इंग्रजी शिकायला जमत, आणि लहानथोर तिला टीचर म्हणून हाक मारत. ती हाक तिला आवडायची आणि टोचायचीही. मला एकदा म्हणाली होती, "चेची, कुणी टीचर म्हटलं की मला उसनी साडी नेसल्यासारखं वाटतं."

आता त्यात भर पडली होती. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या इंग्रजीच्या बाई जूनमध्ये मुलीकडे दुबईला कायमच्या जाणार होत्या. मुख्याध्यापिका सिस्टर क्लॅरिस यांनी जसिंताला बोलावून सांगितलं होतं, "जागा तुझी. तू पोरांना शिकवतेस ते मी खिडकीतून ऐकलंय. पण हातात पदवी नसताना तुला वर्गात उभी केली तर वरून मला विचारतील. जूनच्या आत आण, नाहीतर मला बाहेरून कुणाला तरी घ्यावं लागेल." आणि नेमकी आत्ताच ही दयेची शेवटची संधी.

"मग बस परीक्षेला. त्यात हात धुण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं.

"चेची, तोच पेपर आहे गं. तोच."

आणि मांजराने एक कोळंबी पळवली.

त्या पेपराची तिला एवढी धास्ती का, ते कळायला तिचं कॉलेज माहीत हवं. खरं म्हणजे ते कॉलेज नव्हतंच. काठापलीकडच्या परवूर गावात बसस्टँडमागे एक पॅरलल कॉलेज होतं. ज्यांना खऱ्या कॉलेजात प्रवेश मिळत नाही त्यांनी तिथे शिकायचं, आणि ज्यांना खऱ्या कॉलेजात नोकरी मिळत नाही त्यांनी तिथे शिकवायचं. लांबलचक शेड, वर झावळ्या, आणि वर्गावर्गांमध्ये चटईच्या भिंती. जसिंताच्या चटईच्या अलीकडे दिवाकरन सर इंग्रजी साहित्याचा इतिहास सांगत, पलीकडे वाणिज्याचा वर्ग चाले. पलीकडचे सर आवाजाने दांडगे. त्यामुळे जसिंताच्या टिपणांत राणी एलिझाबेथचा सुवर्णकाळ अर्ध्यावर येई आणि मध्येच घसाऱ्याचा दर घुसे. तरीही दिवाकरन सर मनापासून शिकवत. त्यांनी इंग्लंड पाहिलं नव्हतं, बर्फ पाहिलं नव्हतं, आणि ज्या पुस्तकांचा इतिहास सांगत त्यातली निम्मी त्यांनाही कधी मिळाली नव्हती. कॉलेजचं ग्रंथालय म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, आणि तिची किल्ली मालकाकडे.

तर आमच्या जसिंताने असा अभ्यास केला होता. पुस्तकं नाहीत, पण पुस्तकांचा इतिहास तोंडपाठ. कवी वाचायचा नाही, तो कुठल्या काळातला, त्या काळाची वैशिष्ट्यं कोणती आणि त्याच्यामागून कोण आला ते सांगायचं. न पाहिलेल्या गावातल्या लोकांच्या सात पिढ्या पाठ करण्यासारखंच की ते. त्यात पेपरात प्रश्न असे येत की या काळातून त्या काळात कसं आलो ते लिहा, आणि तिथेच ती अडकायची. एकेक काळ वेगळा विचारला तर पोपटासारखी बोलायची. दोन काळांच्या मधल्या फटीत पाय पडला की खाली.

"यंदा मी पाठ करणारच नाही," ती त्या दिवशी म्हणाली. "पाठ केलेलं डोक्यातून उडतं. माझं पायातलं कधी उडत नाही."

मला लगेच समजलं. ती लोनन आशानांची मुलगी.

लोनन आशान म्हणजे आमच्या बेटाचे चविट्टुनाटकाचे गुरू. पाय आपटून गायचं नाटक. पोकळ लाकडी रंगमंचावर, डोक्यावर काचमण्यांचे मुकुट घालून, हातात तलवारी घेऊन राजे येतात, आणि त्यांच्या टाचांचा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो. आमच्या नाटकातले राजे नेहमी परदेशचेच. कुठल्या कुठल्या देशांचे. पण कोण राजा कुठल्या ठेक्यावर येतो, सेनापती कुठल्या, राजकन्या कुठल्या, हे बेटावरचं शेंबडं पोरही ओळखतं. आशानांना लिहिता-वाचता जेमतेम येतं. पण पाच रात्री चालणारं नाटक पायांत होतं. जसिंता लहानपणी पाढेसुद्धा पाय आपटतच शिकली.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांकडे गेली. सोबत म्हणून मलाही ओढलं. आशान अंगणात बसून कथलाचा मुकुट चिंचेने घासत होते.

"अप्पा, इंग्लंडचा इतिहास चविट्टुत बसवून द्या मला."

"इंग्लंडच्या राजाला माझ्या रंगमंचावर जागा नाही."

"सगळ्या परदेशी राजांना जागा आहे, मग ह्यालाच का नाही?"

"बाकीचे राजे कधी आपल्या इथे आले का? लुटून नेलं का काही? हा आला होता." त्यांनी मुकुट उलटा केला. "आणि तुला चाळिशीत हे काय सुचलंय? सेबास्टीला रात्रीचं जेवण कोण घालणार?"

"सेबास्टीला हात आहेत, अप्पा."

"हात आहेत, पण अक्कल नाही."

मी हसू दाबलं. मग जसिंताने एक हुशारी केली. ती म्हणाली, "अप्पा, त्यांच्या इतिहासात एका राजाचं मुंडकं उडवतात. भर चौकात. लोकांनीच."

आशानांचे हात थांबले. "लोकांनीच?"

"लोकांनीच."

"तलवारीने?"

"कुऱ्हाडीने."

"कुऱ्हाड आपल्याकडे नाही," आशान विचार करून म्हणाले. "तलवारच घेऊ. बस खाली. पहिला राजा कोण, ते सांग."

पुढे महिनाभर रोज संध्याकाळी जपमाळ झाली की जसिंता आमच्या घरी येई. कारण आमच्या पुढच्या खोलीला जुन्या सागवानी फळ्यांची जमीन आहे आणि खाली पोकळ आहे. पाय आपटला की चांगला घुमतो. आशान खुर्चीत बसून ठेका धरत, मी गाईड उघडून बसे आणि काही सुटलं तर सांगे. मला इंग्रजी वाचता येतं, समजतं थोडं. माझ्या सासूबाई, म्हणजे अख्ख्या बेटाची अम्मच्ची, आजी, कोपऱ्यातल्या पलंगावर पडून ऐकत. सुरुवातीला तर जपमाळेच्या तंद्रीत त्या राण्यांच्या नावांनंतरही "आमच्यासाठी विनंती कर" म्हणत. जसिंताला मध्येच हसू फुटे आणि आशान ओरडत, "राजा हसत नाही! परत ये, दारातून परत ये!"

आणि काय सुरेख बसवलं होतं त्यांनी ते! लॅटिन बोलणारे पाद्री एका बाजूने येत, फ्रेंच बोलणारे सरदार दुसऱ्या बाजूने, आणि मधून अनवाणी, साध्या ठेक्यावर शेतकऱ्यांची इंग्रजी येई.

"येते येते, चिखलातून येते,
राजाच्या दरबारात पाय पुसून बसते."

हे आशानांचं. दिवाकरन सरांनी चार पानं भरून सांगितलेलं दोन ओळींत. छापखाना आला तेव्हा जसिंता दोन्ही टाचा एकदम आपटून थांबे, जणू अक्षर कागदावर उमटलं. एलिझाबेथ राणीचा प्रवेश सगळ्यात लांब. तिच्या काळात नाटकंच नाटकं, म्हणून आशानांची ती लाडकी. फक्त एक गोष्ट त्यांना पटेना.

"हिचं लग्न कधी?"

"होत नाही, अप्पा."

"लग्नाशिवाय नाटक कसलं? लोक उठून जातील."

"अप्पा, परीक्षेला लोक नसतात. एकच तपासणारा असतो."

"त्यालाही आवडणार नाही," आशान म्हणाले आणि पुढे गेले.

मला खोटं बोलवत नाही, मी त्या महिन्यात जसिंताकडे बघतच राहायची. दिवसभर पाण्यात उभी, मासे निवडून, मुलींचे डबे भरून, संध्याकाळी पोरांना शिकवून ती यायची, आणि पहिला पाय आपटला की तिचा थकवा कुठल्या कुठे. गाईडात जे वाळकं वाटायचं ते तिच्या पायाखाली जिवंत व्हायचं. मी मनात म्हणायची, देवा, एवढं देतोस तर पेपरात थोडं उतरू दे.

पण घोटाळा झालाच. परीक्षा पंधरवड्यावर आली तेव्हा तो उघडा पडला.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच सगळं सलग करायचं ठरलं, सुरुवातीपासून व्हिक्टोरिया राणीपर्यंत. जसिंता आली, नाचली, गायली. कडव्या धार्मिक लोकांचं राज्य आलं, नाटकगृहांना कुलपं लागली, राजाला चौकात आणलं, तलवार पडली. धाडकन टाच. आणि जसिंताने हात जोडले, मान झुकवली, नाटक संपवणारं मंगल गायलं आणि थांबली.

"पुढे?" मी म्हटलं.

तिने एक टाच उचलली आणि तशीच अधांतरी धरली.

"पुढे राजाचा मुलगा परत येतो. सांग ना."

तिचे डोळे पांढरे झाले होते. "चेची, पुढचं काहीच येत नाही."

"अगं, परवा तर म्हणत होतीस!"

"परवा वेगळं सुरू केलं होतं. आता संपलं ना."

तीन-चार वेळा केलं. दर वेळी तेच. राजाचं मुंडकं पडलं की तिचे पाय आपोआप मंगलाकडे वळत, आणि मंगल झालं की डोकं धुतलेल्या पाटीसारखं कोरं. दुसरा भाग दुसऱ्या दिवशी सुरू केला की घडाघडा येई. पण एका बैठकीत नाही म्हणजे नाही. आमचा रिवाजच तसा आहे. राजा मेला की त्या रात्रीचं नाटक संपतं, मंगल म्हणायचं, दिवे काढायचे, उरलेलं उद्या. लहानपणापासून पायांना तेच वळण. आणि पेपर तर तीन तासांचा, एकाच बैठकीचा. त्यात नेमका प्रश्न येणार तो ह्याच जागेवर, राजाच्या मरणाआधीचं आणि नंतरचं जोडून दाखवा.

"अप्पा, मंगल काढून टाकू या," जसिंता रडकुंडीला येऊन म्हणाली.

"काढून टाकू?" आशान उभे राहिले. मी त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "माझ्या बापाने काढलं नाही, त्याच्या बापाने काढलं नाही. मेलेल्या राजाला मंगल न म्हणता रंगमंचावर सोडून जायचं? तुझा पेपर राहू दे. मला हे पाप नको."

"मग माझी नोकरीही राहू दे का? जूनमध्ये सिस्टर दुसऱ्या कुणाला तरी घेतील, आणि मी मरेपर्यंत ओसरीवरची टीचर."

आशान काठी घेऊन निघून गेले. जसिंता फळ्यांवर तशीच बसली. मी चहा टाकायला गेले, दुसरं काय करणार. मनात संत अंतोनीला म्हटलं, हरवलेलं शोधून देणं तुझं काम, हिची पुढची ओळ शोधून दे.

चहा घेऊन आले तर अम्मच्ची पलंगावर उठून बसल्या होत्या.

"काय गं जसिंते, ते कुलपं लावणारे कोण म्हणालीस?"

"कडवे धार्मिक लोक, अम्मच्ची. त्यांना नाटक म्हणजे पाप वाटायचं. अठरा वर्षं नाटकगृहं बंद ठेवली."

"मग आपल्या त्या फादरसारखेच."

"कुठल्या फादरसारखे?"

"तुझ्या जन्माआधीचे. त्यांनीही बंद केलं होतं आपलं नाटक. म्हणाले, रात्र रात्र पुरुष मुकुट घालून नाचतात, सकाळी मिस्साला येत नाहीत. रंगमंचाच्या फळ्या काढून चर्चचे बाक करवले." अम्मच्ची थोडं ओशाळून हसल्या. "आम्ही बायका तर खूश होतो. नवरे घरी झोपायला लागले ना."

मीही हे पहिल्यांदाच ऐकत होते. ज्या बाकावर मी इतकी वर्षं गुडघे टेकते तो कुणाचा रंगमंच होता, हे मला माहीत नव्हतं.

जसिंता मात्र सरळ बसली होती. "मग त्या वर्षांत काय झालं, अम्मच्ची? गाणी विसरली लोकं?"

"कशी विसरतील? तुझी आजी भात कांडताना म्हणायची. मुसळाच्या ठेक्यावर. लोनन तेव्हा असा एवढासा, उखळाजवळ बसून ऐकायचा. फादर विचारायचे, हे काय गाता? ती म्हणायची, फादर, भात कांडतोय." अम्मच्ची खुदखुदल्या. "मग ते फादर बदलून गेले, नवे आले ते हौशी. परत सुरू झालं. पण पहिल्यासारखं नव्हे हं. पंधरा रात्रींचं पाच रात्रींत आणलं. आणि बऱ्याच वर्षांनी पोरींना घेतलं नाटकात. आधी राजकन्या म्हणजे मिशा काढलेला कुंजवरीद नावाचा बाप्या."

"आणि पहिली मुलगी मी," जसिंता हळूच म्हणाली. "मी होते ना, चेची. तेरा वर्षांची. मी राजकन्या झाले तेव्हा लोक होड्या भरून बघायला आले होते. मला वाटलं मी चांगली गाते म्हणून. ते बाई बघायला आले होते!"

तिने माझ्या हातातून गाईड ओढून घेतलं. पानं उलटली. "हे बघ. राजा परत आला, नाटकगृहं उघडली, आणि पहिल्यांदा बायकांची कामं बायकांनी केली. हे मी तीन वेळा पाठ केलंय, चेची. तीन वेळा! ते मी स्वतः होते हे मला दिसलं नाही."

चहा तसाच राहिला. ती अनवाणीच कालव्यापलीकडे वडिलांच्या घरी गेली, आणि मीही मागोमाग, कारण आशान चिडलेले होते.

आशान अंधाऱ्या ओसरीवर बसले होते. जसिंताने पायरीवरूनच विचारलं, "अप्पा, बंदीनंतर पहिल्यांदा रंगमंचावर चढलात तेव्हा सुरुवात कशाने केली होती?"

"सगळे करतात तशी."

"नाही. नीट आठवा. त्या पहिल्या रात्री."

त्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मंगलाने."

"सुरुवातीलाच मंगल?"

"बंदी आली तेव्हा आमचं नाटक मध्येच तोडलं होतं. राजा मेला होता आणि मंगल म्हणायच्या आत फादर दिवा घेऊन आले, म्हणाले बस झालं, घरी जा. ते मंगल राहूनच गेलं होतं. मग इतक्या वर्षांनी रंगमंच परत बांधला तेव्हा माझे वडील म्हणाले, आधी ते उरलेलं म्हणू, मग नवा राजा येऊ दे." आशानांनी तोंडावरून हात फिरवला. "सगळे रडले होते. मी लहान होतो, मीही रडलो."

"मग इंग्लंडमध्येही तसंच झालं, अप्पा. त्यांचंही नाटक लोकांनी मध्येच तोडलं. राजा मेला तेव्हा मंगल म्हणायला नाटकवाला होता कुठे? सगळ्या नाटकगृहांना कुलपं होती!"

आशानांनी टाचेने पायरीवर एक हलका ठेका दिला.

"तुझ्या राजाचा मुलगा कुठल्या बाजूने येतो?" त्यांनी शेवटी विचारलं.

"समुद्रापलीकडून."

"मग मंगल त्याच्या पायाशी. काठावर उतरला की." ते उठले. "आणि मधली ती बंदीची वर्षं, ती पायाने नको. ती मुसळाने. चल, फिलोमिनाच्या घरी मुसळ असेल."

फिलोमिना म्हणजे मी, पण आमच्याकडे मुसळ नव्हतं. शेवटी मी कपडे धुवायचं धोपटणं दिलं. तलवार पडली. मंगल नाही. जसिंता खाली बसली आणि धोपटण्याने फळीवर ठेका धरला, दबलेला, घरातला, आणि त्या ठेक्यावर लोक घरांत लपूनछपून नाटकं वाचत होते, गाणी सांभाळत होते, ते गायली. मग उभी राहिली, समुद्रावरून राजा उतरला, तिने मंगल म्हटलं, आणि न थांबता पुढे गेली. बुद्धीचा काळ, मग मनाचा काळ, मग गिरण्या आणि धूर, मग व्हिक्टोरिया राणी. शेवटचा पाय पडला तेव्हा अम्मच्चींनी "आमेन" म्हटलं, आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी ती गेली, मी मिस्साला. त्या बाकावर गुडघे टेकताना हात उगाच फळीवरून फिरला.

संध्याकाळी होडी लागायच्या आतच ती काठावरून ओरडली, "आला, चेची! तोच प्रश्न आला!"

मग तिने सांगितलं ते असं. नाटकगृहं बंद झाल्याचा पुढच्या साहित्यावर काय परिणाम झाला, लिहा. तिने चपला काढल्या, बाकाखाली टाचा टेकल्या आणि सुरू केलं. थोड्या वेळाने देखरेख करणारी मुलगी आली. अगदी तरुण, कॉलेजातून आत्ताच निघालेली.

"चेची, पाय हलवू नका. मागच्यांना त्रास होतोय."

"जरा थांब मोळे, पोरी माझी, एवढा राजा उतरू दे."

"काय?"

"काही नाही. पाच मिनिटं."

ती मुलगी उभी राहिली, तिने खाली पायांकडे बघितलं, वर कागदाकडे बघितलं, आणि मागच्या पोराला म्हणाली, "तू पुढच्या बाकावर ये." देव तिचं भलं करो.

"आणि काय लिहिलंस?" मी विचारलं.

"गाईडातलं होतं तेवढं लिहिलं. मग असंही लिहिलं की बंद केलेलं नाटक संपत नाही, ते स्वयंपाकघरात जातं. आणि परत येतं तेव्हा त्याच्यात बायका असतात, कारण मधल्या काळात ते त्यांनीच सांभाळलेलं असतं." ती घाबरून माझ्याकडे बघू लागली. "चेची, हे गाईडात नाहीये. गुण कापतील का?"

"कापू देत," आशान मागून म्हणाले. ते कधी काठावर येऊन उभे राहिले होते आम्हाला कळलंच नव्हतं. "मुंडकं तर नाही ना कापणार?"

निकाल मेच्या अखेरीला लागला. उत्तीर्ण. गुण सांगण्यासारखे नाहीत, पण उत्तीर्ण ते उत्तीर्ण. सेबास्टीने मोठी करीमीन मासळी आणली, केळीच्या पानात भाजली, आणि स्वतःच वाढली. सगळे जेवून उठले तरी जसिंता एकटीच गुणपत्रिकेवर बोट फिरवत बसली होती. सिस्टर क्लॅरिस शाळेच्या फाटकाशी आल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "चौथीचा वर्ग. सोमवारपासून. पदवीच्या दाखल्याची नक्कल तेवढी दे, कुठल्याही राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीने साक्षांकित केलेली, फाईलला लावायला."

आशान आज सकाळी येऊन मला विचारून गेले की चौथीच्या वर्गाची जमीन फरशीची आहे की लाकडाची. फरशीची आहे, मी सांगितलं. ते जरा नाराज होऊन गेले.

पदवीचा तात्पुरता दाखला आजच्या टपालाने आला. उद्या पहिल्या होडीने जसिंता परवूरला जाणार आहे, गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांची नकलेवर सही घ्यायला.